शेंदरीच्या बियांचा रंग: तेलात, पाण्यात आणि वाटणात नीट कसा उतरवायचा

शेंदरीच्या बिया, म्हणजे पदार्थाला केशरी रंग देणाऱ्या अन्नाटोच्या बिया, वापरून बघणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून तीनच असतात. रंग आलाच नाही. रंग आला, पण पदार्थ कडवट झाला. केशरी-तांबडा हवा होता, निघाला मातकट पिवळा. तिन्हींचं मूळ एकच. आपण या बियांना एकतर केशरासारखं वागवतो, म्हणजे कोमट पाण्यात भिजत टाकून वाट बघतो. नाहीतर मोहरीसारखं, म्हणजे कडकडीत तेलात टाकून तडतडायची वाट बघतो. शेंदरीला यातलं काहीच मानवत नाही.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा. या बीचा जवळजवळ सगळा रंग तिच्या वरच्या पातळ, मेणचट थरात असतो. आतला दाणा रंगाच्या दृष्टीने कुचकामी. त्या थरातलं मुख्य रंगद्रव्य म्हणजे बिक्सिन. ते तेलात विरघळतं, साध्या पाण्यात जवळपास नाहीच आणि आच वाढली की मोडतं. पुढचे सगळे टप्पे या तीन गोष्टींवरच उभे आहेत.

मापं सगळीकडे सपाट भरलेली धरा: मोठा चमचा १५ मिलि, छोटा ५ मिलि, कप २४० मिलि.

## टप्पा १: बिया त्याच आहेत ना, ते तपासा

हा टप्पा कुणी करत नाही आणि नेमका हाच टाळता येत नाही, कारण नावांचा गोंधळ मोठा आहे. आपल्याला हवी ती शेंदरी म्हणजे अन्नाटो, स्पॅनिश भाषेत अचिओते. पण 'शेंद्री' हे नाव कुंकुफळाच्या झाडालाही आहे. त्या फळांवरची लाल भुकटी रेशमी कापड रंगवायला वापरत आणि पोटात गेली की जुलाब होतात. हिंदीत अन्नाटोला 'सिंदूरी' म्हणतात, त्यामुळे आणखी एक घोटाळा होतो.

सावधान: शेंदूर म्हणून मिळणारी पूड ही शिशाची किंवा पाऱ्याची संयुगं असू शकते. ती विषारी आहे. नाव सारखं वाटलं म्हणून कुठलीही शेंदरी रंगाची पूड अन्नात घालू नका. पहिल्यांदा घेताना अख्ख्या बियाच घ्या. बी डोळ्यांनी ओळखता येते, पूड नाही.

खरी बी मुगाच्या दाण्याएवढी, पण गोल नसते. तीन-चार कोनांची, लहान खड्यासारखी, कडेला एक बारीक खाच. रंग विटकरी आणि चकाकी अजिबात नाही.

चाचणी: बोटाचं टोक ओलं करून चार-पाच बियांवर चोळा. बोटावर लगेच ठळक केशरी डाग उमटला पाहिजे. फिकट पिवळसर उमटला तर बिया जुन्या आहेत. चालतील, पण प्रमाण दीडपट घ्यावं लागेल. काहीच उमटलं नाही तर त्या बियांवर तेल वाया घालवू नका.

पेरणीसाठी विकलेल्या बिया स्वयंपाकात नकोत, त्यांच्यावर औषध चोळलेलं असू शकतं. कापड किंवा हस्तकलेसाठी विकलेला रंगही नको. तयार पूड घेतलीच तर पाकिटामागची यादी वाचा. पुडीत पिठी आणि मीठ मिसळलेलं असलं की रंग कमी आणि रस्सा उगाच दाट, हा त्रास होतो.

## टप्पा २: काय रंगवायचं आहे, ते आधी ठरवा

इथे चुकलं की पुढे कितीही काळजी घ्या, उपयोग नाही.

पदार्थात थोडंही तेल, तूप किंवा लोणी पडणार असेल तर तेलाची पद्धत घ्या. दहातल्या आठ वेळा हेच उत्तर आहे. भात, रस्से, परतलेल्या भाज्या, केक, बिस्किटं सगळं यात बसतं. तेल अजिबात चालणार नसेल तर पाण्याची पद्धत, पण तिच्या मर्यादा मान्य करून. मांस, मासे, पनीर किंवा भाज्या मसाला लावून मुरवायच्या असतील तर वाटण करा.

दुधाचं जरा वेगळं आहे. चीज बनवणारे अन्नाटोच वापरतात. चेडर आणि रेड लेस्टर या चीजचा पिवळा-केशरी रंग त्याचाच. पण ते वापरतात ते नॉरबिक्सिन, म्हणजे अल्कलीची प्रक्रिया करून पाण्यात विरघळणारं केलेलं रूप. ते दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटून बसतं. घरी बिया दुधात टाकून तो परिणाम मिळत नाही. साईसकटच्या दुधात बिया मंद आचेवर दहा मिनिटं ठेवल्या तर स्निग्धांशात थोडा रंग उतरतो, लोण्यासारखा फिका पिवळा. तेवढाच हवा असेल तर ठीक. साय काढलेल्या दुधात मात्र खटपट करू नका.

## टप्पा ३: ओटा आणि भांडी

शेंदरीचा डाग हळदीच्या तोडीचा असतो. पांढरा दगडी ओटा, फिकट लाकडी चमचा, प्लास्टिकचा डबा, सिलिकॉनचा उलथणा हे सगळं आधी बाजूला करा. स्टील आणि काच एवढंच वापरा. ओट्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरा.

लागणारं सामान थोडंच: जाड बुडाचं लहान पातेलं, बारीक जाळीची स्टीलची गाळणी, मलमलचं एक जुनं फडकं (ते पुन्हा पांढरं होणार नाही, हे धरून चला), कोरडी काचेची बरणी आणि एक पांढरी बशी. बशी विसरू नका, सगळा अंदाज तिच्यावर आहे.

बिया निवडून काड्या-खडे काढा. धुऊ नका. रंग वरच्या थरात असतो, चोळून धुतला की तो थर आपण हाताने नळाखाली सोडतो. शिवाय ओलसर बी गरम तेलात गेली की तेल अंगावर उडतं. धूळ वाटली तर कोरड्या फडक्यात घोळून घ्या, तेवढं पुरे.

तेल वास नसलेलं घ्या. सूर्यफुलाचं रिफाइंड उत्तम. उग्र वासाच्या तेलात शेंदरीचा स्वतःचा स्वाद दबून जातो. तो तसाही सौम्य असतो, किंचित मिरमिरीत, किंचित मातकट. साजूक तूप चालतं. लोणी थेट घेऊ नका, त्यातलं पाणी आधी फसफसतं आणि बिया कधी तापल्या ते कळत नाही.

## टप्पा ४: रंगीत तेल

प्रमाण: २ मोठे चमचे बिया, अर्धा कप तेल.

४.१ पातेल्यात थंड तेल आणि बिया एकत्रच घाला. गॅस नंतर लावा. तेल आधी तापवून बिया टाकल्या की तीस सेकंदांत वरचा थर करपतो आणि आतापर्यंतची सगळी निवडानिवड फुकट जाते.

४.२ सगळ्यात लहान ज्योत ठेवा. पातेलं दांड्याला धरून अधूनमधून गोल फिरवत राहा. दोन-तीन मिनिटांत बियांच्या कडेने अगदी बारीक, साबुदाण्याहून लहान बुडबुडे दिसू लागतील आणि बियांभोवती केशरी धुरकट ढग पसरेल. हवी ती आच हीच. थर्मामीटर असेल तर ९० ते ११० अंश सेल्सिअसमध्ये राहा, १२० ओलांडू देऊ नका.

४.३ बुडबुडे सुरू झाल्यापासून तीन ते पाच मिनिटं. बियांकडे बघत राहा. विटकरी बी गडद तपकिरी होऊ लागली की त्याच क्षणी गॅस बंद. ती काळी पडायची वाट बघायची नाही.

४.४ पातेलं गॅसवरून उतरवा आणि बिया तेलातच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. बराच रंग इथे उतरतो, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात.

४.५ गाळणीवर फडकं ठेवून गाळा. बिया चमच्याने दाबू नका; दाबल्या की बारीक गाळ तेलात उतरतो आणि तळाशी चिखलासारखा बसतो.

चाचणी: थेंबभर तेल पांढऱ्या बशीत टाका. थेंब तांबूस-केशरी दिसला पाहिजे आणि बोटाने पसरला की भगवा-पिवळा. पातेल्यातला रंग बघून निर्णय घेऊ नका. तिथे तेल रक्तासारखं लाल दिसतं आणि भातात गेलं की पिवळं होतं. मग लोकांना वाटतं की रंग उडाला. उडालेला नसतो, पातळ झालेला असतो.

बशीतला थेंब सोनेरी-तपकिरी दिसला आणि वास खमंग भाजल्यासारखा आला, तर तेल करपलं. त्याला दुरुस्ती नाही. माझं पहिलं तेल असंच गेलं. फोडणीचा हात बसलेला, त्यामुळे 'अजून तडतडलं नाही' म्हणत मी ज्योत वाढवली. लाल झालेलं तेल डोळ्यांसमोर परत सोनेरी होत गेलं आणि मला वाटलं, छान निवळतंय. त्या तेलातला भात कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा राहिला तो पाणी पिऊनही गेला नाही. तेव्हापासून नियम: शेंदरी तडतडली तर बिघडली.

गाळलेल्या बिया लगेच टाकू नका. पाव कप ताज्या तेलात त्याच पद्धतीने एकदा परत ठेवा. दुसरं तेल फिकं येतं, पण केकच्या पिठाला किंवा लोण्याला पिवळी झाक द्यायला ते पहिल्यापेक्षा सोयीचं. तिसऱ्यांदा मात्र हाती काही लागत नाही.

सावधान: बऱ्याच कृतींमध्ये याच तेलात लसूण किंवा मिरची घालतात. त्याच दिवशी संपणार असेल तर खुशाल घाला. साठवायच्या तेलात ओला लसूण नको. हवा न पोचणाऱ्या तेलात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही.

## टप्पा ५: पाण्यात रंग

फिलिपिन्समध्ये बिया गरम पाण्यात भिजवून चोळायची पद्धत आहे, आणि खरी मेख त्या चोळण्यात आहे. नुसत्या भिजवण्यात नाही. रंग पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण बीवरून सुटून पाण्यात तरंगतात. म्हणून हे द्रावण नसून गढूळ पाणी आहे, असंच त्याच्याकडे बघा.

१ मोठा चमचा बियांवर अर्धा कप गरम पाणी ओता. उकळी गेलेलं, पण बोट बुडवायचं धाडस होणार नाही इतपत गरम. अर्धा तास झाकून ठेवा. मग हातमोजे घालून बिया पाण्यातच बोटांनी चुरडल्यासारख्या पाच मिनिटं चोळा. फडक्यातून गाळा आणि या वेळी फडकं पिळा. इथे आपल्याला कणच हवे आहेत. वापरायच्या क्षणी पुन्हा ढवळा, नाहीतर वरचं पिवळसर पाणी पदार्थात आणि सगळा रंग वाटीच्या तळाशी.

पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर रंग जास्त उतरतो, कारण बिक्सिनचं एक टोक आम्लधर्मी असतं आणि अल्कधर्मी पाण्यात ते थोडंफार विरघळतं. पण चिमूट म्हणजे खरोखर चिमूट. पाव छोटा चमचा घातलात की साबणाची चव येते. आणि असं सोड्याचं पाणी टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांच्यात घालू नका. आंबट लागलं की रंग पुन्हा कण होऊन फुटतो आणि रस्स्यात केशरी ठिपके तरंगतात. आंबट पदार्थाला तेलाचीच पद्धत.

हे पाणी फ्रिजमध्ये फार तर दोन दिवस. त्याहून जास्त ठेवण्यात अर्थ नाही.

## टप्पा ६: वाटण

मेक्सिकोच्या युकातान भागातलं रेकादो रोहो हे या वाटणाचं प्रसिद्ध रूप. शेंदरी, मिरी, जिरं, लवंग, ऑलस्पाइस (मिरीसारखं दिसणारं एक सुकं फळ), ओरेगानो, लसूण, मीठ आणि आंबट संत्र्याचा रस असं ते वाटतात. मसाले तुम्ही तुमच्या आवडीने बदला, पण दळण्याचा क्रम बदलू नका.

ही बी दगडासारखी असते. तशीच मिक्सरमध्ये टाकली की पातं खडखडतं, भांडं तापतं आणि शेवटी रवाळ भुकटी हातात येते. ती कितीही शिजवली तरी दाताखाली वाळूसारखी लागते. वाटणाबद्दलच्या तक्रारींतली सर्वांत मोठी ही.

६.१ पाव कप बिया अर्धा कप पाण्यात घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बी नखाने दाबली तर किंचित खाच पडली पाहिजे. पडत नसेल तर आणखी चार-सहा तास.

६.२ पाणी गाळून बाजूला ठेवा, ओतून देऊ नका. त्यात रंगाचे कण आहेत.

६.३ कोरडे मसाले आधी वेगळे दळून घ्या. मग भिजलेल्या बिया आणि मीठ, थांबत थांबत, दहा-दहा सेकंद फिरवा. भांड्याला हात लावून बघा, कोमट लागलं की दोन मिनिटं थांबा.

६.४ आता दळलेले मसाले, लसूण आणि आंबट रस किंवा व्हिनेगर घाला. पातळपणा राखून ठेवलेल्या पाण्याने जुळवा, एका वेळी एक चमचा. ओल्या चिखलासारखं झालं की थांबा.

चाचणी: चिमूटभर वाटण दोन बोटांत चोळा. कचकच लागली तर परत फिरवा. तरीही लागली तर सरळ जाड चाळणीवर घासून काढा. वर राहिलेला चोथा टाकून द्या, त्यात आता काही उरलेलं नसतं.

वाटण कच्चं खायचं नाही असं नाही, पण त्याची मातकट चव शिजल्यावरच निवते. मुरवायला अर्धा किलो मांसाला दोन मोठे चमचे पुरतात. भाज्या आणि पनीरला एक.

## टप्पा ७: पदार्थात घालताना

एक कप कोरड्या तांदळाला एक छोटा चमचा तेल फिकट पिवळा रंग देतं, एक मोठा चमचा छान केशरी. त्यापुढे रंग फारसा वाढत नाही, मातकटपणा वाढतो. बिया नव्या असोत की जुन्या, प्रत्येक बरणीची ताकद वेगळी असते. म्हणून सगळ्या पातेल्यात ओतण्याआधी शिजलेल्या घासभर भातात चार थेंब कालवून बघा.

भातासाठी तांदूळ याच तेलात मंद आचेवर परता, मग पाणी घाला. दाणा बाहेरून रंगतो आणि रंग एकसारखा बसतो. शिजलेल्या भातावर वरून ओतलं तर पट्टे पडतात. रस्सा किंवा सूप असेल तर उलट: साध्या तेलात सुरुवात करा आणि रंगीत तेल शेवटच्या पाच मिनिटांत घाला. केकमध्ये पाककृतीतल्या लोण्याचा किंवा तेलाचा तेवढाच भाग काढून त्याऐवजी हे वापरा, वरून जास्तीचं नको.

तळायला हे तेल वापरू नका. तळण्याची आच १७०-१८० अंशांच्या आसपास असते, तिथे रंग काही मिनिटांत उतरतो आणि चव बिघडते. तळायच्या पदार्थाला रंग हवा असेल तर तो पिठात कालवा.

पांढऱ्या आयसिंगला किंवा साखरेच्या पाकाला शेंदरीने रंगवायच्या फंदात पडू नका. पाण्याचा रंग ठिपकेदार येतो, तेल वर तरंगतं. काही कामं हिची नाहीत.

पहिल्यांदा खाणाऱ्याला थोडंच द्या. शेंदरीने पित्त उठणं किंवा खाज येणं क्वचित घडतं, पण घडतं. ज्यांना हा त्रास आधी झालाय त्यांनी पाकिटांवर ई१६०बी हा क्रमांकही बघावा; अन्नाटो त्याच नावाने लपलेलं असतं.

## टप्पा ८: साठवण आणि डाग

बियांचे शत्रू उजेड आणि हवा. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात ठेवा. खिडकीजवळच्या पारदर्शक बरणीत त्या सुंदर दिसतात आणि काही महिन्यांत तपकिरी होतात. तेल पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन महिन्यांत संपवा. बरणीत ओला चमचा नको. शोभेसाठी बिया तेलात ठेवू नका, दिवसेंदिवस कडूपणा उतरत राहतो. वाटणाच्या लहान गोळ्या करून फ्रीजरमध्ये टाका. एका वेळी एकच काढता येते.

डाग पडले तर लगेच पाणी मारू नका, पाण्याने ते पसरतात. रंग तेलात विरघळतो, तर डागही तेलानेच सुटतो. हातावर आणि ओट्यावर आधी साधं तेल चोळा, कागदाने पुसा, मग भांड्यांचा साबण. कपड्यालाही तेच, आणि धुतल्यावर उरलेली पिवळी झाक काढायला कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाका. ज्या उजेडाने बरणीतल्या बिया फिक्या पडतात, तोच कपड्यावरचा डागही उडवतो. प्लास्टिकच्या डब्यावरचा डाग असाच उन्हात दोन-तीन दिवस ठेवून बराचसा कमी होतो. लाकडी चमच्यावरचा मात्र तसाच राहतो, म्हणून एक चमचा या कामालाच देऊन टाका.